फोंडा: हायवेलगतच्या फ्लॅटमध्ये रात्रीचा आवाज, खिडक्यांचं काय करावं?

नमस्कार मंडळी,

कुर्टीला, बेळगावकडे जाणाऱ्या महामार्गाला लागून दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे. दिवसाच्या वर्दळीचं काही वाटत नाही, त्रास रात्रीच्या ट्रकांचा. त्यात समोरच रंबलर (वेग कमी करायला रस्त्यावर घातलेले आडवे उंच पट्टे) घातलेत. भरलेला ट्रक धडधडत निघून जातो, पण रिकामा गेला की हौद्याचे पत्रे असे खणखणतात की कपाटातली भांडी वाजावीत.

बाबा (बीपीच्या गोळ्या चालू) म्हणतात, सवय झाली. पण जाग आली नाही तरी अशा आवाजाने झोपेत नाडी वाढते, असं वाचल्यापासून मला धीर नाही. नियमाप्रमाणे निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबल. मोबाईलचं ॲप साठच्या खाली येतच नाही. त्याच्यावर किती विसंबायचं, ते सोडा.

खिडक्या ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग, एकेरी काच. एक दुकानदार दुहेरी काच घ्या म्हणतो, दुसरा जाड पडदे पुरे म्हणतो. खर्च करायला ना नाही, पण पैसे पाण्यात जायला नकोत. शिवाय पावसाळ्यात सगळं बंद ठेवलं की कपड्यांना बुरशी, आणि एसी बाबांना सोसत नाही. कोणी असं काम करून घेतलंय का?

प्रतिसाद १
पडद्याने खोलीतला घुमारा कमी होतो, ट्रक अडत नाही. मुळात स्लायडिंगच बदला. खालच्या रुळात पाणी जायला भोकं, पल्ल्यांमध्ये नुसता ब्रश. जिथून वारा येतो तिथून आवाज येणारच. रबरी गास्केटवर दाबून बसणारा, बिजागरीचा पल्ला घ्या. तयार दुहेरी काचेत मधली फट बहुधा १२ मिमीच्या आसपास, ती मुख्यतः उष्णतेसाठी. ट्रकचा खर्ज तिला फारसा जुमानत नाही. किंवा भिंत जाड असेल तर जुनी खिडकी राहू द्या आणि आतून साधारण १०० मिमी सोडून लॅमिनेटेड काचेची (दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचा पातळ थर चिकटवलेली) दुसरी बसवा. दोन्ही काचांची जाडी मात्र वेगवेगळी हवी, नाहीतर दोन्ही एकाच सुरात थरथरतात.

प्रतिसाद २
खिडकीआधी बाबांचा पलंग मागच्या खोलीत हलवा, फुकटचा उपाय आहे. रंबलरसाठी पंचायतीमार्फत साबांखाला (सार्वजनिक बांधकाम खात्याला) अर्ज द्या. "काढा" लिहू नका, अपघाताचं कारण पुढे करतील. "घरांपासून लांब सरकवा" असं लिहा आणि शेजाऱ्यांच्या सह्या घ्या.

धागाकर्ता
दोघांचे आभार. अर्ज उद्याच लिहायला घेतो. पलंगाचं बाबांना विचारतो, पण त्यांना रस्त्यावरची हालचाल बघत बसायला आवडतं, त्यामुळे कठीणच दिसतंय. आतली खिडकी केली तर भिंत पुरेशी जाड आहे. पुढची बंद ठेवून मागून हवा घेतली आणि स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट चालू ठेवला, तर पावसात भागेल का? आणि फोंडा-म्हार्दोळ भागात गास्केटचं काम नीट करणारा कारागीर माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.