क्लायंटचं इंग्लिश 'सुधारलं' आणि तोंडघशी पडले, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आधीच कबूल करते, मला भाषेतल्या चुका खुपतात. सदाशिव पेठेत वाढले म्हणून नव्हे (बरं, थोडंफार म्हणूनही असेल), पण रिक्षावाले काका "सुट्टे नाही भेटणार" म्हणाले की "मिळणार! माणसं भेटतात" हे तोंडातून निघतंच. नवरा नागपूरचा, तो "काय करून राहिली तू" म्हणतो, लग्नाला दहा वर्षं झाली, तिथे मात्र हात टेकलेत.

तर झालं असं की मी हिंजवडीत डॉक्युमेंटेशनचं काम करते, क्लायंट अमेरिकेत पिट्सबर्गला. तिकडच्या बाईंनी ड्राफ्टवर कमेंट टाकली, 'धिस टेबल नीड्स फिक्स्ड'. मला वाटलं घाईत 'टू बी' राहिलं, कमेंट पुढे सगळ्या टीमला जायची होती म्हणून मी ते घालून टाकलं आणि वर शहाणपणाने त्यांना कळवलंही. उत्तर आलं, आम्ही इकडे असंच बोलतो, आणि शेवटी एक स्मायली. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग शोधलं तर खरंच, पिट्सबर्ग जिथे येतं त्या पश्चिम पेनसिल्व्हेनियात 'द कार नीड्स वॉश्ड' सर्रास चालतं, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडकडून गेलेल्या लोकांनी ते सोबत नेलं. अनेकवचनी 'यू'साठी त्यांचा 'यिंझ' असा वेगळा शब्दही आहे, 'यू वन्स'चं झालेलं. आपलं बरंय, तू आणि तुम्ही आहे.

आता खरी अडचण. माझ्या टीममधली दोन पोरं 'डिस्कस अबाउट', 'रिव्हर्ट बॅक', 'आय अ‍ॅम हॅविंग अ डाउट' लिहितात, मी लाल करून परत पाठवते. काल त्यातला एक म्हणाला, "मॅम, त्यांचं नीड्स फिक्स्ड चालतं तर आमचं का नाही?" काय सांगू? 'शुड ऑफ' लिहिणाऱ्या गोऱ्याला मी अजूनही चूकच म्हणेन, तो 'शुडव्ह' कानाने ऐकून लिहिलेला प्रकार आहे. पण बाकीच्याचं काय, रेघ कुठे मारायची? आणि बाईंना सॉरीचा मेल टाकू का?

प्रतिसाद १
सॉरी नको ताई, उगाच विषय वाढेल.

प्रतिसाद २
पोरांना बरोबर-चूक सांगूच नका, वाचणाऱ्याला काय कळेल ते सांगा. 'डिस्कस अबाउट'ने कोणाचं काही अडत नाही, आपल्याकडचं 'प्रीपोन' (पोस्टपोनच्या उलट, आधी घेणं) तर ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही आहे. पण 'डाउट' म्हणजे आपल्याला साधा प्रश्न, त्यांना वाटतं तुमचा भरवसा नाही. आणि 'रिव्हर्ट' जपून, आपल्याला ते उत्तर देणं, पण सॉफ्टवेअरवाल्यांना त्याचा अर्थ केलेला बदल मागे घेणं. 'आय विल रिव्हर्ट टुमॉरो' वाचून क्लायंट घाबरेल की उद्या सगळं होतं तसं करणार. आमच्याकडे एकाने फोन करून विचारलं होतं, नक्की काय मागे घेताय म्हणून.

धागाकर्ती
हे पटलं, सोमवारी पोरांना असंच सांगते. आत्ता सेंट आयटम्स चाळले, त्या बाईंना गेल्या आठवड्यात मीच लिहिलंय, 'विल रिव्हर्ट बाय फ्रायडे'. नवरा मघापासून हसून राहिलाय.