कमी चाललेली जुनी पिकअप लांबच्या प्रवासाला काढताना : तुमचे अनुभव

घरातली पिकअप पंधराएक वर्षांची आहे, पण मीटरवरचा आकडा इतका कमी की विकायला काढली तर कुणी विश्वास ठेवणार नाही. अधूनमधून जवळची एखादी फेरी, बाकी वेळ उभीच. आता तिला सामान भरून हजारेक किलोमीटर न्यायची आहे. मेकॅनिक म्हणतो, "गाडी चाललीय कुठे? ऑइल बदला आणि निघा." मला काही हे पटत नाही. ज्यांनी अशी उभी राहून राहून म्हातारी झालेली गाडी लांब नेली आहे त्यांनी लिहा. सर्व्हिसची यादी मॅन्युअलमध्ये आहे, ती नको. प्रत्यक्ष काय निघालं ते हवं.

—

तुमचं बरोबर, मेकॅनिकचं चूक. टायरपासून सुरुवात करा. आमच्या गाडीच्या टायरची नक्षी बघून कुणीही म्हणालं असतं, अजून निम्मंही आयुष्य संपलेलं नाही. पण टायरच्या कडेला डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी ओळ असते, तिच्या शेवटचे चार आकडे वाचा. २३१२ असेल तर टायर २०१२ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. पुष्कळदा हे आकडे एकाच बाजूला असतात आणि ती बाजू नेमकी आत बसवलेली असते, म्हणजे टॉर्च घेऊन गाडीखाली शिरायचं. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणी आणि दहा वर्षं झाली की नक्षी कितीही असो, टायर बाद, असं बहुतेक टायर कंपन्या सांगतात. स्टेपनीलाही हाच नियम.

आमच्या टायरला नक्षीच्या खाचांत तळाशी केसासारख्या बारीक चिरा होत्या. हवा भरायच्या नळीचं रबर बोटाने वाकवलं तर बुडाशी चीर उघडली. गावातल्या गावात असा टायर वर्षानुवर्षं चालतो. लोड, वेग आणि तापलेला रस्ता हे तिन्ही एकत्र आले की आतले थर सुटतात. चारही बदलले, नळ्यांसकट. हवा किती भरायची ते दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर बघा, पिकअपला बहुधा रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात. हवा टायर गार असतानाच मोजायची.

—

स्टेपनीचा विषय निघालाच आहे तर सांगते. ती नुसती बघू नका, खाली उतरवून बघा. पिकअपची स्टेपनी हौद्याखाली साखळीला किंवा वायररोपला टांगलेली असते, आणि मागच्या बाजूच्या भोकातून दांडा घालून फिरवलं की खाली येते. येते म्हणजे यायला हवी! आमच्या गाडीत ती यंत्रणा इतकी गंजली होती की दांडा वाकायला लागला, साखळी जागची हलेना. गंज सोडवणारं तेल मारून रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी कुरकुरत सुटली. मग साखळी ब्रशने साफ केली, ग्रीस लावलं, पुन्हा वर-खाली करून पाहिलं. जॅकही पूर्ण उंचीपर्यंत फिरवून बघा आणि पाना खरंच तुमच्या नटांना बसतो का तेही. हे सगळं अंगणात कळलेलं बरं, पावसात रस्त्याच्या कडेला नको.

—

मी गॅरेजमध्ये काम करतो. कमी चाललेल्या गाड्यांत मला सगळ्यात जास्त काम ब्रेकमध्येच सापडतं. लायनर जाड असतात, म्हणून मालक खूश. पण ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, गाडी चालो वा न चालो. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा धरलेल्या ऑइलची हमी १४० अंशांचीच. लांब उतारावर ब्रेक तापले, ऑइल उकळलं, की वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल सरळ खाली. दर दोन वर्षांनी बदलायचं म्हणतात ते यासाठी.

मागचे ड्रम उघडायलाच लावा. व्हील सिलिंडरच्या (ऑइलच्या दाबाने लायनर ड्रमवर ढकलणारा भाग) रबरी टोपीची कड उचलून बघायची, आत ओल दिसली तर सील गेलंय. पुढे कॅलिपरच्या, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागाच्या, पिना हाताने सरकतात का पाहायचं. अडकल्या असतील तर एकच पॅड घासत राहतं आणि चाक तापतं. आणखी एक गोष्ट पिकअपचीच: काही मॉडेलमध्ये मागच्या एक्सलजवळ एक छोटी दांडी असते, लोडप्रमाणे मागच्या ब्रेकचा जोर कमी-जास्त करणारी. ती गंजून अडकली तर भरलेल्या गाडीचे मागचे ब्रेक पुरेसे लागत नाहीत. तपासा म्हणून सांगितल्याशिवाय सहसा कुणी तिकडे बघत नाही.

—

आमची गाडी डिझेल. जवळच्या फेऱ्यांत कधी कुरकुर नाही. हमरस्त्याला लागलो आणि चढावर जीवच नाही. थांबलो की थोड्या वेळाने पुन्हा ठीक. अर्धी रिकामी टाकी वर्षानुवर्षं उभी राहिली की आत दव धरतं, पाणी तळाशी बसतं आणि पाणी व डिझेल जिथे भेटतात तिथे जंतूंचा काळा चिकट गाळ वाढतो. हळू चालवताना तो तळाशीच असतो. लांबच्या प्रवासात डिझेल डचमळतं, गाळ वर येतो आणि फिल्टर बुजतो. फिल्टरखालचा स्क्रू सोडून काचेच्या बाटलीत थोडं काढून पाहिलं तर खाली पाणी आणि वर डिझेल, मधली रेघ स्पष्ट. निघण्याआधी टाकी साफ करा, नवा फिल्टर टाका आणि एक जास्तीचा जवळ ठेवा. बदलल्यावर हातपंपाने एअर कशी काढायची तेही मेकॅनिककडून शिकून घ्या.

—

कुलंटचा रंग छान दिसतो म्हणून सोडू नका. गंज रोखणारी द्रव्यं काळाने संपतात, रंग तसाच राहतो. इंजिन पूर्ण गार असताना होज पाइप दाबा: भुसभुशीत लागला किंवा क्लिपजवळ फुगलेला दिसला, तर बदला. रेडिएटरच्या झाकणाचं रबरही बघा, दाब धरला नाही तर कुलंट लवकर उकळतं.

—

बॅटरी: रात्रभर उभ्या गाडीवर १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. आणि बॉनेट उघडलंच आहे तर एअर फिल्टरचं झाकणही काढा. आमच्यात उंदरांचं बाळंतपण झालं होतं, शेजारच्या वायरीही कुरतडलेल्या.

—

एक वेगळं मत. वरचं सगळं वाचून उद्याच गाडी खोलायला घ्याल आणि परवा निघाल, तर तसं करू नका. नवा पार्टही सदोष निघतो, बसवताना क्लिप सैल राहते. काम निदान दोन-तीन आठवडे आधी संपवा आणि मग जितकं सामान न्यायचंय तितकंच वजन टाकून दीडशे-दोनशे किलोमीटरची फेरी मारा. रिकाम्या पिकअपची चाचणी फारशी कामाची नाही: वजनाने पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) बसल्यावर प्रोपेलर शाफ्टचा, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याचा, कोन बदलतो, आणि त्याच्या सांध्यातल्या कोरड्या पडलेल्या क्रॉसची टकटक बरेचदा तेव्हाच ऐकू येते. परत आल्यावर चारही चाकांच्या मधोमध हात धरून बघा, एखादं बाकीच्यांपेक्षा जास्त तापलंय का. चाकं काढली असतील तर नट पुन्हा आवळा. त्यानंतर गाडीला हात लावू नका.

ग्रीसिंगचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. निपलमध्ये, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडात, ग्रीस जात नसेल तर गॅरेजमधली पोरं वरच्यावर पुसून सोडून देतात. जुनं ग्रीस घट्ट झालेलं असतं. निपल काढून साफ करा, नाहीतर नवा बसवा, आणि जुनं काळं ग्रीस दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत गन चालवा.

—

धागाकर्त्यांना एक विचारायचंय, कारण ते अजून कुठेच आलं नाही. तुमच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडबंद करवणारा पट्टा) आहे की चेन? बेल्ट असेल तर मॅन्युअलमध्ये किलोमीटरच्या शेजारी वर्षांचाही आकडा दिलेला असतो, यातलं जे आधी होईल ते. पुष्कळ इंजिनांत बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि काम थेट हेडपर्यंत, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग खोलण्यापर्यंत, जातं. आधी कधी बदलला आहे का, त्याची काही पावती-बिवती सापडते का बघा आणि इथे सांगा.