खडपावर ब्रेडेड तुटते, तंगूस भरू का?

भाट्येवाला
रत्नागिरीला काजळी नदीच्या तोंडाशी, भाट्ये पुलाच्या बाजूला गरवतो. रीलवर २० पाउंड ताण झेलणारी ब्रेडेड (विणलेली दोरी) आहे. वाळूत काही त्रास नाही. पण मिऱ्याकडे दगडांवर गेलो की मासा लागला रे लागला, दोरी खलास. गाठ शाबूत असते, मधेच तुटते. ३० ची घेऊ की सरळ तंगूस (नायलॉनची एकेरी दोरी) भरू?

खाडीकाठ
तंगूसच भर. स्वस्त पडतो, गुंता झाला तर कापताना जीव तुटत नाही. (कापलेला घरी ने रे, खडपावर टाकू नको. बगळ्यांच्या पायात अडकतो.)

देवगडचा बापू
३० ची घेऊन काय होणार बाबा? तुटलेलं टोक बोटावर घेऊन बघ. कापसागत पिंजारलं असेल तर ती ओढीने तुटलेली नाही, दगडावरच्या कालवांनी (धारदार शिंपल्यांनी) कापलीय. ब्रेडेड म्हणजे बारीक धाग्यांची वीण. ताणात असताना कालवाची धार नुसती टेकली तरी पुरे.

रीलवर तीच राहू दे. पुढे लीडर म्हणून, म्हणजे गळाकडचा तुकडा म्हणून, दीड वाव (नऊएक फूट) ४० पाउंडाचा फ्लोरोकार्बन (पाण्यात सहज न दिसणारी टणक दोरी) जोड, तो दगडावर घासला तरी बराच टिकतो. जोडाला एफजी गाठ मार, ती बारीक बसते, रॉडच्या रिंगांत अडकत नाही. आवळण्याआधी थुंकी लाव. कोरडी आवळलीस तर घासून तापते आणि तिथेच दगा देते. जिताड्यालाही हाच लीडर, त्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड भलतीच धारदार. पाणी निवळ असेल तर ३० वर उतर. पावसाळ्यात खाडी लाल झाली की मात्र फ्लोरोकार्बनवर पैसे कशाला घालतोस? त्या पाण्यात माशाला दोरी दिसतेय कुठे! जाड तंगूसाचा लीडर चालतो.

तंगूस अगदी टाकाऊ नाही हां. तो ताणतो. जेटीवरून शिंगाळ्यासाठी गळ टाकून बसायचं तर मला तोच आवडतो, माशाचा हिसका तो गिळून टाकतो. फक्त दुकानाच्या दारात उन्हात टांगलेला घेऊ नकोस, ऊन खाल्लं की नायलॉन कमकुवत होतो.

भाट्येवाला
टोक बघितलं बापूकाका, कापूसच! सुरमईलाही हाच लीडर?

देवगडचा बापू
छे. ती दातांनी फ्लोरोकार्बनही कापते. तिला वीतभर स्टीलची तार लाव. त्याहून लांब नको, निवळ पाण्यात बुजते.