मॅरिनर्स २०२६: यंदा वर्ल्ड सीरिजपेक्षा कमी काही मागायचेच नाही

सरोवरापलीकडचा (धागाकर्ता)

सिएटल मॅरिनर्स या बेसबॉल संघाचे खेळाडू फेब्रुवारीत ॲरिझोनातील पिओरिया येथे सरावासाठी जमतील आणि मार्चच्या अखेरीस नवा हंगाम सुरू होईल. दरवर्षी या सुमारास थोडीबहुत आशा बाळगायची आणि जूनपर्यंत ती निमूटपणे गुंडाळून ठेवायची, असा माझा पंधरा वर्षांचा शिरस्ता आहे. यंदा मात्र मला आशा नव्हे, तर मागणी मांडायची आहे. २०२६ मध्ये हा संघ वर्ल्ड सीरिजपर्यंत, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेपर्यंत, पोहोचला नाही, तर त्याने साखळीत ९० सामने जिंकलेले असोत की ९५, तो हंगाम फसला असेच मी म्हणेन.

जे हा खेळ नेमाने पाहत नाहीत त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. हा संघ १९७७ पासून खेळतो आहे आणि मेजर लीग या अव्वल स्पर्धेतील ३० संघांपैकी एकदाही वर्ल्ड सीरिज न खेळलेला तो एकमेव संघ आहे. २००१ मध्ये त्याने साखळीत ११६ सामने जिंकून शिकागो कब्जच्या १९०६ मधील विक्रमाची बरोबरी केली, आणि त्यानंतर सलग वीस हंगाम प्लेऑफचे, म्हणजे साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांचे, तोंडही पाहिले नाही. २०२५ मध्ये, २००१ नंतर प्रथमच, डिव्हिजन, म्हणजे आपला गट, जिंकली. पुढे डेट्रॉइटविरुद्धचा निर्णायक सामना, नेहमीच्या नऊ इनिंग्ज ओलांडून, पंधराव्या इनिंगमध्ये होर्हे पोलँकोच्या फटक्यावर जिंकला. त्या रात्री मी मैदानात होतो. जवळजवळ पाच तास चाललेल्या त्या सामन्यानंतर माझा आवाज दोन दिवस बसला होता. मग टोरोंटोविरुद्धच्या मालिकेत आपण ३-२ असे पुढे होतो आणि उरलेल्या दोन सामन्यांपैकी एकच जिंकायचा होता. सातव्या सामन्यात सातव्या इनिंगमध्ये ३-१ अशी आघाडी होती आणि आणखी आठ जणांना बाद केले की वर्ल्ड सीरिज गाठली जाणार होती. तेवढ्यात जॉर्ज स्प्रिंगरने तीन धावांचा होमरन मारला आणि सामना ४-३ असा गेला.

माझ्या मागणीला आधार आहे तो पिचिंगचा, म्हणजे गोलंदाजीचा. गेल्या वर्षी कर्बीचा खांदा, गिल्बर्टचा हात आणि मिलरचे कोपर आळीपाळीने दुखावले, आणि ज्याने वर्षभर संघाला तारले त्या ब्रायन वूला सप्टेंबरमध्ये छातीच्या स्नायूने दगा दिला. म्हणजे सामन्याची सुरुवात करणाऱ्या ज्या पाच पिचर्सच्या जोरावर हा संघ उभा आहे, ते पाचही जण एकाच वेळी धडधाकट असे फारसे मिळालेच नाहीत, आणि तरीही संघ इतका पुढे गेला. शिवाय जॉश नेलरला पाच वर्षांसाठी ९ कोटी २५ लाख डॉलर देऊन राखले आहे. ज्याच्याहून मंद धावणारे खेळाडू शोधूनही मोजकेच सापडतील, अशा या भरदार गड्याने गेल्या हंगामात ३० बेस चोरले, म्हणजे फटक्याची वाट न पाहता धावून पुढचा बेस गाठला, यातच त्याची अक्कल दिसते. कॅल रॅली आहे, हुलिओ रॉड्रिगेझ आहे. इतकी सामग्री हाताशी असताना ‘बघू या, कसे जमते ते’ असे म्हणणे मला यापुढे मान्य नाही.

आकडेमोडे

आपली तळमळ समजते, परंतु मागणीचे माप चुकले आहे असे मला वाटते. समजा, प्लेऑफमधील प्रत्येक सामना जिंकण्याची आपली शक्यता ५५ टक्के आहे. समोर उत्तम संघ असताना ही शक्यता बरीच उदार धरली आहे. तरीही वर्ल्ड सीरिजआधीच्या दोन मालिकांपैकी पाच सामन्यांची जिंकण्याची शक्यता सुमारे ५९ टक्के आणि सात सामन्यांची जिंकण्याची सुमारे ६१ टक्के निघते. दोन्ही मालिका लागोपाठ जिंकण्याची शक्यता गुणाकाराने ३६ टक्क्यांवर येते, आणि तीही त्याआधीची वाइल्ड कार्डची जादा फेरी खेळावी लागली नाही तरच. म्हणजे प्रतिस्पर्ध्यांहून सरस असलेला संघसुद्धा शंभरातून चौसष्ट वेळा वर्ल्ड सीरिजच्या अलीकडेच थांबेल. त्या चौसष्टही हंगामांना फसलेले म्हणायचे का?

दुसरे असे की, आपण फक्त जमेची बाजू मांडली आणि खर्चाची झाकून ठेवली. रॅलीने गेल्या वर्षी ६० होमरन मारले. कोणत्याही कॅचरने एका हंगामात एवढे कधी मारले नव्हते; आधीचा विक्रम साल्वादोर पेरेझचा ४८ चा होता. परंतु त्याच रॅलीने २०२४ मध्ये ३४ मारले होते. यंदा तो ४० वर आला, तर ती घसरण नसून तोही उत्तमच हंगाम असेल. मात्र उरलेले वीस होमरन दुसऱ्या कोणाला तरी मारावे लागतील. त्यातच तो मार्चमध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिकसाठी अमेरिकेकडून खेळणार आहे, आणि कॅचरचे गुडघे हा काही अक्षय साठा नव्हे. २६ होमरन मारणारा पोलँको न्यूयॉर्क मेट्सकडे गेला, तिसऱ्या बेसवरच्या सुआरेझचा करार संपला. ही गळती नेलरच्या एका करारातून भरून निघत नाही.

म्हणून माझी अपेक्षा ८८ विजय आणि प्लेऑफमधील जागा एवढीच आहे. बेसबॉलचे कामकाज पाहणारे जेरी डिपोटो यांनी २०२३ च्या हंगामानंतर दहा वर्षांत सरासरी ५४ टक्के सामने जिंकण्याचे गणित मांडले, तेव्हा गावभर त्यांची टिंगल झाली. पण १६२ सामन्यांचे ५४ टक्के म्हणजे साधारण ८७ विजय होतात. दरवर्षी तेवढे जिंकून प्लेऑफच्या दारात उभे राहावे आणि एखाद्या वर्षी दार उघडेल असे धरून चालावे, यात मला हास्यास्पद असे काही दिसत नाही.

सरोवरापलीकडचा

आकडेमोडे, आपला हिशेब बिनचूक आहे, पण त्यातील ५५ हा आकडा आकाशातून पडलेला नाही. तोच ६० धरून पाहा, म्हणजे दोन्ही मालिका जिंकण्याची शक्यता ४८ टक्क्यांच्या आसपास जाते. तो आकडा वाढवणे हेच व्यवस्थापनाचे काम आहे, आणि माझी मागणी नशिबाकडे नसून त्यांच्याकडे आहे. ५४ टक्क्यांच्या विधानाचा राग आला, तो गणित चुकले म्हणून नव्हे. वीस वर्षे वाट पाहिलेल्या माणसाला दहा वर्षांची सरासरी ऐकवली, म्हणून तो आला.

आकडेमोडे

प्लेऑफमधील प्रतिस्पर्ध्याविरुद्ध ६० टक्के? साखळीत दुबळ्या संघांना धरूनही ६० टक्के जिंकणारा संघ ९७ विजयांपर्यंत जातो. गेल्या वर्षी आपण ९० वर होतो. आपण ज्या संघाची मागणी करत आहात तो सिएटलमध्ये नाही, लॉस एंजेलिसमध्ये आहे, डॉजर्सच्या रूपात.

किंगडोमचा जुना प्रेक्षक

दोघांचेही वाचले. मी नोकरीच्या निमित्ताने १९९३ मध्ये या गावात आलो आणि तेव्हाचे मैदान, म्हणजे किंगडोम नावाचा तो काँक्रीटचा घुमट, मी पुष्कळ पाहिला आहे. १९९४ च्या जुलैमध्ये त्याच्या छताच्या फरश्या प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर कोसळल्या आणि संघाला उरलेले सामने परगावी खेळावे लागले. त्या काळात संघच गाव सोडून जाणार अशी हवा होती, आणि ती निराधार नव्हती, कारण सिएटलचा पहिला संघ, पायलट्स, १९६९ चा एकच हंगाम खेळून मिलवॉकीला निघून गेला होता. मग १९९५ च्या ८ ऑक्टोबरला न्यूयॉर्क यँकीजविरुद्ध अकराव्या इनिंगमध्ये एडगर मार्टिनेझने डाव्या बाजूला तो चेंडू मारला, ग्रिफी पहिल्या बेसवरून थेट घरापर्यंत धावत आला आणि मालिका जिंकली. त्याच महिन्यात राज्याच्या विधिमंडळाने नव्या मैदानाच्या पैशाची तजवीज केली. आज आपण ज्या मैदानात बसून तक्रारी करतो, ते त्या फटक्यावर उभे आहे, असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही.

हे सांगण्याचे कारण वेगळेच आहे. २००२ च्या जानेवारीत मी हुबेहूब धागाकर्त्यासारखा बोलत होतो. ११६ सामने जिंकलेला संघ यँकीजकडून पाच सामन्यांत हरला होता, आणि पुढच्या वर्षी वर्ल्ड सीरिज ही केवळ औपचारिकता आहे, अशी माझी खात्री होती. २००२ मध्ये आपण ९३ सामने जिंकलो आणि प्लेऑफला मुकलो. २००३ मध्ये पुन्हा ९३ जिंकलो आणि पुन्हा मुकलो. तेव्हा गट न जिंकणाऱ्यांसाठीची वाइल्ड कार्डची जागा एकच असे, त्यामुळे ९३ विजयांनाही घरी बसावे लागे. मग खेळाडूंची वये झाली आणि २००४ मध्ये सारेच कोसळले. त्या दोन वर्षांत ऐन हंगामात मोठा खेळाडू आणला नाही, याची हळहळ जुन्या प्रेक्षकांमध्ये आजही निघते.

म्हणून माझे मत अर्धे इकडे, अर्धे तिकडे आहे. आकडेमोडे म्हणतात तसे दारात उभे राहण्याचे धोरण कागदावर शहाणपणाचे आहे, पण दारात उभे राहण्याचे दिवस मोजकेच असतात, हे मी पाहिले आहे. आणि धागाकर्त्यांनी मागणी जरूर करावी. मात्र ती पुरी झाली नाही तर सारा हंगाम फुकट गेला, असे म्हणू नये. २००१ चा उन्हाळा मी आयुष्यातून वगळायला तयार नाही.

सातवी इनिंग

सर्वांनी सामग्रीची चर्चा केली, पण ती वापरणाऱ्याची केली नाही. सातव्या सामन्यात वूने दोन इनिंग्ज सांभाळल्या होत्या. सातव्या इनिंगमध्ये त्याच्या चेंडूंवर दोघे बेसवर पोहोचले, पुढच्याने बंट करून, म्हणजे चेंडू नुसता हळूच ढकलून, त्यांना दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर सरकवले, आणि समोर स्प्रिंगर आला. आपला सर्वांत भरवशाचा पिचर आंद्रेस मुन्योझ त्या वेळी बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचर्सच्या जागेत, होता. व्यवस्थापक डॅन विल्सन यांनी एडुआर्ड बाझार्डोला बोलावले आणि त्याच्या दुसऱ्याच चेंडूवर होमरन गेला. क्लोजर, म्हणजे सामना संपवणारा पिचर, शेवटच्या इनिंगसाठी राखून ठेवायचा असतो, या पोथीतल्या नियमापायी आपण हंगाम गमावला. ज्या सामन्यानंतर उद्या नाही, त्यात राखून ठेवायचे कशासाठी? २०२६ मध्ये विल्सन यांच्या या विचारात बदल झाला नाही, तर नेलर काय आणि रॅली काय, ऑक्टोबरमध्ये पुन्हा तेच होईल.

पुण्याहून पहाटे

या मुद्द्यावर मी असहमत आहे. सिएटलला दोन वर्षे शिकायला होतो आणि तेव्हा जडलेले हे वेड पुण्यात परतल्यावरही गेले नाही. तो सातवा सामना आमच्याकडे लक्ष्मीपूजनाच्या दिवशी पहाटे साडेपाचच्या पुढे सुरू झाला, आणि फराळाचे ताट समोर ठेवून मी तो शेवटपर्यंत पाहिला. स्प्रिंगरचा चेंडू कुंपणापलीकडे गेला तेव्हा घरात कोणालाही काही कळले नाही; मी चकली खाणे का थांबवले, एवढेच आईने विचारले.

विल्सन यांच्यावरील टीका आपल्या क्रिकेटमधल्या टीकेसारखीच आहे. कर्णधाराने बुमराहची षटके शेवटासाठी ठेवली आणि सोळाव्या षटकातच सामना गेला, तर आपण म्हणतो की त्याला आधी आणायला हवे होते. आणि आधी आणून एकोणिसाव्या षटकात दुसऱ्या कोणाला मार पडला, तर म्हणतो की राखायला हवे होते. मुन्योझ आला असता आणि आघाडी टिकली असती, तरी पुढच्या दोन इनिंग्ज कोणी टाकायच्या होत्या? त्या आघाडीचे अंतर दोनच धावांचे होते, ही खरी अडचण आहे. पहिल्या इनिंगनंतर हुलिओ आणि रॅलीच्या होमरनपलीकडे आपल्या फलंदाजांनी त्या सामन्यात विशेष काय केले, हेही पाहावे.

आणि मागणीबद्दल बोलायचे, तर महाराष्ट्राच्या संघाने रणजी करंडक शेवटचा जिंकला तो १९४०-४१ च्या हंगामात. तेव्हापासून तीन वेळा अंतिम सामन्यापर्यंत जाऊन आम्ही रिकाम्या हाताने परतलो आहोत. असे असूनही गहुंज्याला रणजीचा सामना असला की मी जातो. ज्या गावात ही सवय लागते, तिथल्या माणसाला एकोणपन्नास वर्षे फार वाटत नाहीत.

सातवी इनिंग

पुढच्या दोन इनिंग्जचे उत्तर सोपे आहे. मुन्योझने सातवी संपवून आठवीही टाकली असती, आणि नवव्या इनिंगमध्ये बाझार्डो तळाच्या फळीसमोर आला असता. सामना कुठे निसटतो आहे हे ओळखणे, याचसाठी व्यवस्थापक असतो. आपल्याच उदाहरणात सांगायचे, तर सोळाव्या षटकात सामना जात असताना बुमराहला सीमारेषेवर उभा ठेवणाऱ्या कर्णधाराला आपण हुशार म्हणाला असता का?

सरोवरापलीकडचा

सर्वांचे आभार. विल्सन यांच्या बाबतीत माझे मत ‘सातवी इनिंग’ यांच्याकडे झुकते, परंतु केवळ त्या एका निर्णयावर त्यांना काढावे असे मी म्हणणार नाही. दुसऱ्याच वर्षी संघाला तिथवर नेणारा माणूस आणखी एका संधीस पात्र आहे.

आकडेमोडे यांचा खर्चाचा रकाना मात्र मी मान्य करतो. आपल्या मैदानात, समुद्राकडून येणाऱ्या एप्रिल-मेच्या थंड हवेत, चेंडू नीट उडत नाही. त्यामुळे होमरनवर विसंबलेली फळी इथे वसंतात उपाशी राहते, आणि पोलँकोच्या जागी नुसता आणखी एक जोरात बॅट फिरवणारा आणून भागणार नाही. चेंडूला बॅट लावणारा, बेसवर पोहोचणारा माणूस हवा. दुसऱ्या बेसवर कोल यंगला पूर्ण हंगाम द्यावा, या मताचा मी आहे. कोल्ट इमर्सनबद्दल बरेच चांगले ऐकतो, परंतु विशीतल्या मुलाच्या खांद्यावर तिसऱ्या बेसचा भार पहिल्याच दिवशी टाकणे म्हणजे धोरण नव्हे, नवस आहे.

जुन्या प्रेक्षकांसाठी एवढेच म्हणेन की, ‘फसला’ हा शब्द मी मागे घेतो, मागणी घेत नाही. २००२ आणि २००३ च्या ज्या चुकीची आठवण आपण करून दिली, तीच माझी कसोटी राहील. जुलैअखेरीस आपण स्पर्धेत असू आणि तिसऱ्या बेसवर तेव्हाही तात्पुरती सोय असेल, तर हा धागा मी पुन्हा वर आणीन.

किंगडोमचा जुना प्रेक्षक

अवश्य आणा. यंदा आपला जुना पिचर रँडी जॉन्सन याचा ५१ क्रमांक निवृत्त होणार आहे, त्या सामन्याला मी जाणारच आहे. माझ्याकडे एक तिकीट जास्तीचे आहे. आकडेमोडे, आपण आलात तर ३६ टक्क्यांचे ते गणित मला कागदावर करून दाखवा.

आकडेमोडे

येतो. पण वू आणि कर्बी दोघेही तोवर धडधाकट असले पाहिजेत, नाहीतर ३६ सुद्धा उरणार नाहीत.