अनुभव धागा: दुसऱ्याच्या दुखण्याचा ऑनलाइन कारभार

आई-बाबा कराडजवळच्या गावी, मी पुण्यात. औषधं, रक्ततपासणी, व्हिडिओवरचे डॉक्टर, आभा कार्ड (सरकारी आरोग्य-ओळखपत्र), सगळं माझ्या मोबाईलवरून चालतं. ओटीपी मात्र आईच्या फोनवर जातो. "वाच गं." "थांब, चष्मा." मग ती मेसेज पहिल्यापासून वाचते, 'हा कोड कुणालाही सांगू नका' हेसुद्धा. "मग तुला सांगू का?" तोवर वेळ संपलेली.

गेल्या उन्हाळ्यात तर कहर केला. आईची तपासणी बुक करताना खात्यात बाबांचं नाव निवडलेलंच राहिलं. रिपोर्टवर 'पुरुष, ७४'. हिमोग्लोबिन १२.४, लाल अक्षरांत, कमी म्हणून. पुरुषांसाठी खालची हद्द साधारण १३ धरतात, बायकांसाठी १२. म्हणजे आईचं ठीकच होतं. पण मी न बघता रिपोर्ट पुढे ढकलला आणि ती बिचारी चार दिवस दोन्ही वेळा बीट खात बसली. आता शेवटचं बटण दाबायच्या आधी नाव मोठ्यानं वाचते. घरातले हसतात, हसू देत.

तुम्हीही लिहा. फजिती आधी, शहाणपण नंतर.

नागपूरहून

काकांना स्मृतिभ्रंश आहे. टेलिमेडिसिनच्या, म्हणजे फोन-व्हिडिओवरून डॉक्टरांना दाखवण्याच्या, सरकारी मार्गदर्शक सूचना मार्च २०२० मध्ये आल्या. त्यांनुसार अशा पेशंटच्या वतीनं सांभाळणाऱ्यानं डॉक्टरांशी बोललेलं चालतं. पेशंट शुद्धीत, धडधाकट असेल तर मात्र त्याची लेखी संमती, नात्याचा पुरावा असं काहीतरी लागतं. मी सवयीनं घडाघडा सांगत होतो : झोप नाही, चिडचिड वाढली, जेवण कमी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फोन जरा त्यांच्याकडे फिरवा." काकांना वाटलं टीव्हीवरच्या बाई आहेत. त्यांनी विचारलं, "पाऊस कधी?" बाईंनी खरंच उत्तर दिलं, गप्पा मारल्या, आणि मध्येच मला म्हणाल्या, "शर्टाची बटणं एक घर चुकलीत. आता कपडे स्वतः घालता येत नाहीत का?" दोन महिने मीच बटणं लावून देत होतो, त्या दिवशी तेवढा गडबडीत होतो. सांगण्यासारखं काही आहे हे डोक्यातच आलं नव्हतं.

मुंबईहून, थोडक्यात

सासऱ्यांची बीपीची गोळी ॲपवरून मागवली. औषध तेच, कंपनी वेगळी. नेहमीची गुलाबी, ही पांढरी. त्यांनी नवीन समजून तीन दिवस दोन्ही घेतल्या. चक्कर आल्यावर कळलं. आता पार्सल आलं की आधी पाकिटाचा फोटो मागवते.

लेस्टरहून

इकडे इंग्लंडात सासूबाईंच्या वतीनं काही करायचं तर जीपीकडे, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात, त्यांच्या संमतीचा अर्ज द्यावा लागतो. कशाची परवानगी द्यायची ते त्यांनी ठरवायचं : अपॉइंटमेंट, नेहमीची औषधं मागवणं, नोंदी बघणं. मी फॉर्म भरून पेन पुढे केलं. त्यांनी पहिल्या दोन चौकटींत खूण केली, तिसरी रिकामी. "माझं कुठे काय दुखतंय ते सुनेनं वाचायला नको." मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण औषधं मागवायला तिसरी चौकट लागतच नाही.

मी दुसऱ्या बाजूचा

वय ७४, मुक्काम सांगली. मुलगा बंगळूरहून सगळं बघतो, तक्रार नाही. पण गोळ्या मागवल्यात हे मला पार्सलवाला दारात आल्यावर कळतं. रक्त माझं, रिपोर्ट त्याच्या मेलवर. विचारलं की "सगळं नॉर्मल आहे, बाबा." उपाशीपोटी साखर १८२ आली होती हे त्यानं सुनेला सांगितलं, सुनेनं माझ्या मुलीला, आणि मुलीनं मला फोनवर झापलं, पेढा का खाल्लास म्हणून. पेढा खाल्ला होता, ते सोडा. मी लॅबच्या मुलाला बोलावून घेतलं आणि माझाही नंबर घालायला लावला. आता रिपोर्ट दोघांना एकदमच येतो.

धागाकर्ती

सांगलीचे काका, तुमचं वाचून आईला लगेच फोन केला. रिपोर्ट तुलाही पाठवायला सांगू का, विचारलं. म्हणाली, "मराठीत येणार असेल तर सांग."