इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स सहा आठवडे सापडला कसा नाही?

खटपट्या:
लेकीच्या शाळेच्या पुस्तकात एवढंच आहे: १६५१ साली वूस्टरची लढाई संसदेचा सेनापती क्रॉमवेल याने जिंकली, राजा ओकच्या झाडावर लपला, मग फ्रान्सला गेला. मधले सहा आठवडे गायब! डोक्यावर हजार पौंडांचं बक्षीस, उंची सहा फूट दोन इंच. असा ताडमाड माणूस लपतो कसा? आणि हजार पौंडांसाठी कुणीच फितूर कसं झालं नाही?

मिडलंडकर:
तो ओक जिथे आहे ते बॉस्कोबेल माझ्या घरापासून जवळ, त्यामुळे पाहुणे आले की तिथे नेणं माझ्याकडे. सगळ्यांना ओकपाशी फोटो हवा असतो. (आत्ताचा ओक मूळ नव्हे, त्याचा वंशज. मूळ झाड लोकांनी आठवण म्हणून ओरबाडून संपवलं.) झाडाचं कौतुक जरा जास्तच होतं. मेजर केअरलेसबरोबर राजा त्यावर एक दिवस बसला, झोपलाही, बस्स. खरी करामत घरांची.

३ सप्टेंबरच्या रात्री तो ज्या भागात शिरला तिथे कॅथलिक कुटुंबं बरीच. त्यांचे पाद्री कायद्याने गुन्हेगार, त्यामुळे या घरांत पिढ्यान्‌पिढ्या पाद्री लपवायची सवय: फळीखाली पोकळी, भिंतीत चोरखण. दार वाजलं की कुणी काय बोलायचं हे ठरलेलं. पेंडरेल बंधू साधी कष्टकरी माणसं. त्यांनी राजाचे केस कापले, जाडेभरडे कपडे घातले. त्याच्या मापाचे जोडे मात्र मिळेनात. कापून सैल केले तरी पाय रक्ताळले. वेल्सला निसटायला रिचर्ड पेंडरेल त्याला सेव्हर्न नदीपर्यंत घेऊन गेला, पण नदी ओलांडायच्या जागांवर पहारे. परतताना वाटेतल्या ओढ्यात उतरावं लागलं, रिचर्डला पोहता येईना, तेव्हा राजानेच त्याला हात दिला. पुढे मोझलीच्या घरी तर फादर हडलस्टनची लपायची जागाच राजाला मिळाली आणि घरमालक व्हिटग्रीव्ह बाहेर सैनिकांशी हुज्जत घालत राहिला.

पैशाला भुलणारी माणसं असती तर या घरांतले पाद्री आधीच पकडले गेले असते.

अनघा_ब:
हे अर्धंच झालं. मदत करणारे सगळे कॅथलिक नव्हते. जेन लेन नावाची बाई प्रोटेस्टंट, ट्रेंटचा कर्नल विंडमही. पुढचा प्रवास त्यांच्या जिवावर झाला. जेनकडे ब्रिस्टलजवळ मैत्रिणीकडे जायचा परवाना होता, स्वतःसाठी आणि एका नोकरासाठी. नोकर ‘विल जॅक्सन’ म्हणजे महाराज! घोड्यावर पुढे तो, मागे ती. नोकराचं तोंड कोण निरखून बघतो?

ब्रॉम्सग्रोव्हला घोड्याचा नाल निघाला. राजाने घोड्याचा पाय धरला आणि नालबंदाला विचारलं, काय खबर? तो म्हणाला, तो बदमाश चार्ल्स स्टुअर्ट अजून सापडला नाही. राजा म्हणे, सापडला तर त्याला फाशीच द्यायला हवी, स्कॉट लोकांची फौज इंग्लंडात आणली ना त्याने! लाँग मार्स्टनला आचारिणीने मांस भाजायच्या यंत्राला चावी द्यायला सांगितलं. जमेना, तशी ती उखडली. त्याने गरिबीचं निमित्त सांगितलं: आमच्याकडे भाजलेलं मांस क्वचितच, यंत्र कुठलं!

किनाऱ्यावरच्या चारमथला मात्र थोडक्यात वाचला. नावाड्याच्या बायकोला संशय आला, तिने नवऱ्याला कोंडून ठेवलं. फ्रान्सला न्यायची नाव आलीच नाही. वर तिथल्या नालबंदाने ओळखलं की घोड्याचे नाल वेगवेगळ्या परगण्यांतले आहेत. बोभाटा झाला, पण तोवर पक्षी उडाला होता.

खटपट्या:
भारी! नाल बघून परगणा ओळखणारा तो माणूस खरा गुप्तहेर. पेंडरेलांना पुढे काय मिळालं?

मिडलंडकर:
१६६० ला राजा गादीवर परतल्यावर पेन्शन, तीही वंशपरंपरागत. हडलस्टन १६८५ ला राजाच्या मृत्युशय्येपाशी हजर होता, त्यानेच त्याला कॅथलिक करून घेतलं. सगळ्यात बेरकी कप्तान टॅटरसेल. १५ ऑक्टोबरला शोरहॅमहून त्यानेच राजाला फ्रान्सला नेलं. राजा परतल्यावर या गड्याने तीच नाव टेम्समधून आणून व्हाइटहॉल राजवाड्यासमोर उभी केली, म्हणजे विसरायला नको. त्यालाही पेन्शन मिळालं.