पित्त समजून काढलेली चार वर्षं : दुर्बिणीतून झालेल्या पोटाच्या ऑपरेशनचे अनुभव

चार वर्षं मी सगळ्यांना सांगत होते, "पित्त झालंय." घरात कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. पित्त म्हटलं की आपल्याकडे थंड दूध, कोकम सरबत, आवळासुपारी आणि अगदीच नाही राहवलं तर केमिस्टकडची उपाशीपोटी घ्यायची गोळी. माझं दुखणं मात्र जळजळीचं नव्हतंच. लग्नाकार्यात जेवून आले की रात्री दीड-दोनला उजव्या बरगडीखाली कळ सुरू व्हायची. ती पाठीत उजव्या खवाट्यापर्यंत जायची, दोन-तीन तास राहायची आणि आपोआप ओसरायची. ओसरली की मी विसरून जायचे.

आता वाटतं, ही गफलत आपल्या बोलण्यातच आहे. आपण ज्याला पित्त म्हणतो ती जळजळ जठरातल्या आम्लाची. खरं पित्त यकृतात तयार होतं, पित्ताशयात साठतं आणि खडे होतात ते तिथे. शब्द एकच, म्हणून मी दूध पीत राहिले.

गेल्या वर्षी डोळे पिवळे झाले, लघवी काळ्या चहासारखी, अंगभर खाज. शेजारच्या काकूंनी काविळीचं झाडपाल्याचं औषध देणाऱ्याचा पत्ता दिला, मी जायला निघालेही होते. मुलाने हट्टाने सोनोग्राफीला नेलं. पित्ताशयात खडे होतेच, पण एक घसरून मुख्य पित्तनलिकेत अडकला होता. आधी तोंडातून एंडोस्कोप घालून तो काढला, त्याला ईआरसीपी म्हणतात, आणि नलिकेत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक नळी, ठेवला. दोन दिवसांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. सहा आठवड्यांनी स्टेंट काढायला पुन्हा एक खेप. वेळेवर गेले असते तर एका ऑपरेशनवर भागलं असतं.

म्हणून हा धागा. पित्ताशय, अपेंडिक्स, हर्निया, काहीही असो, ज्यांचं स्वतःचं किंवा घरच्यांचं दुर्बिणीतून ऑपरेशन झालंय त्यांनी लिहा. आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, अशी एक तरी गोष्ट सांगा. हॉस्पिटलचं आणि डॉक्टरांचं नाव नको.

बोरिवली, वय ४१
ताई, मला कुणीच सांगितलं नव्हतं ते खांद्याचं दुखणं. पित्ताशय काढलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पोटापेक्षा उजवा खांदाच जास्त दुखत होता. श्वास घेतला की कळ. मला वाटलं, हृदयाचंच काहीतरी झालं. रात्री अडीचला नर्सला उठवलं, रडले. त्या म्हणाल्या, "गॅसचं आहे, चाला." एवढंच. कसला गॅस, खांद्यात कसा गेला, कुणी बोललं नाही. तिसऱ्या दिवशी गेलं.

दुसरं, कामावर जाण्याचं. दहाव्या दिवशी फिटनेस मिळाला, ऑफिस फोर्टला. टाके बरे झाले होते, पण सकाळच्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात पोटावर कोपर बसणार हे डॉक्टरांना कुठून ठाऊक! साहेबांशी बोलून तीन आठवडे अकराला पोहोचण्याची सवलत घेतली आणि बोरिवलीहूनच सुटणारी स्लो धरली, बसायला मिळावं म्हणून. पर्स पोटासमोर उशीसारखी धरायचे. मैत्रिणी डबा उचलायच्या.

दादर, निवृत्त थिएटर सिस्टर
बोरिवलीच्या ताईंना त्या रात्री जे सांगायला हवं होतं ते मी आता सांगते.

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोट आधी कार्बन डायऑक्साइडने फुगवतात, साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने. तंबू उभारल्यासारखी पोटाची भिंत वर उचलली जाते, तेव्हा आत बघायला आणि हत्यारं फिरवायला जागा होते. हाच गॅस का, तर तो पेट घेत नाही, आत कॉटरी, म्हणजे विजेने जाळून रक्त थांबवायचं हत्यार, चालते ना, आणि रक्तात चटकन विरघळून श्वासावाटे बाहेर पडतो. शेवटी गॅस सोडून देतात, तरी थोडा उरतो. तो आणि आधीचा ताण मिळून छाती-पोटामधला पडदा चिडतो. त्या पडद्याची नस मानेतून येते, खांद्याच्या त्वचेच्या नसाही तिथूनच निघतात, म्हणून दुखणं खांद्यात जाणवतं. दोन-तीन दिवसांत जातं. चालणं, कूस बदलणं, खांद्याला हलका शेक. पण धाप लागली, छाती आवळल्यासारखी वाटली किंवा पोट दिवसेंदिवस जास्त दुखायला लागलं, तर गॅस म्हणून बसू नका, लगेच कळवा.

मी या कामात शिरले तेव्हा पित्ताशय म्हणजे बरगडीखाली वीतभर चीर. जगातलं पहिलं दुर्बिणीचं पित्ताशयाचं ऑपरेशन जर्मनीत एरिक म्यूहे यांनी १९८५ मध्ये केलं आणि भारतातलं पहिलं १९९० मध्ये आपल्या मुंबईत, जे. जे. रुग्णालयात, डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी. सरकारी रुग्णालयात, गोरगरिबांच्या वॉर्डात ही सुरुवात झाली याचा मला फार अभिमान आहे. आमच्याकडे ते तंत्र आलं तेव्हा नातेवाईक विचारायचे, "पोट न फाडता पिशवी बाहेर येणार कशी?" बेंबीजवळच्या भोकातून येते. चार भोकं असतात, दोन साधारण १० मिलिमीटरची, दोन ५ ची.

सर्जनचा सगळा कस क्लिप, म्हणजे नळी बंद करायची बारीक चिमटी, लावण्याआधी लागतो. पित्ताशयाला जाणारी नळी आणि धमनी, या दोनच गोष्टी आत शिरताना स्वच्छ दिसल्या पाहिजेत. मुख्य पित्तनलिकेला चुकून क्लिप बसली तर रुग्णाचं आयुष्य बदलतं. थिएटरमध्ये त्या पाच मिनिटांत कुणी बोलत नसे.

मुलुंड
वडिलांचं पित्ताशयाचं, वय ७२, मधुमेह. 'गरज पडल्यास पोट उघडून' ही ओळ संमतीपत्रात होती. मी सही केली, पण वाचून समजून नाही. दोन तासांनी बोलावून सांगितलं, "ओपन करतोय." माझे पायच गळाले. मला वाटलं, आत काही चुकलं.

सहा दिवस राहावं लागलं. बरगडीखाली मोठी चीर, कुशीतून ड्रेनची, म्हणजे आत साचणारं पाणी बाहेर काढणारी नळी. श्वास घ्यायला दुखायचं म्हणून बाबा उथळ श्वास घ्यायचे आणि फिजिओ ताई ते तीन चेंडूंचं यंत्र तोंडाला लावून दर तासाला ओढायला लावायच्या. बाबा तिसरा चेंडू वर गेला की माझ्याकडे बघायचे.

नंतर सर्जननी शांतपणे सांगितलं. तीन वेळा सूज येऊन गेलेली, पित्ताशय आतड्याला आणि चरबीला चिकटलेलं, नळी कुठली ते दिसेना. सिस्टरांनी लिहिलंय ते वाचून आज नीट समजलं. त्यांनी पोट उघडलं म्हणूनच बाबा सुखरूप आहेत. पण ही पाच वाक्यं सहीच्या वेळी सांगितली असती, तर ते दोन तास आम्ही वेगळ्या मनाने बसलो असतो. आणि पहिल्या सुजेनंतरच आम्ही हो म्हणायला हवं होतं, ती चूक आमची.

दादर, निवृत्त थिएटर सिस्टर
ओपन करावं लागलं म्हणजे ऑपरेशन फसलं, असं मानू नका हो. ज्या सर्जनला थांबायचं कुठे ते कळतं, त्याच्या हातात माझा माणूस मी निर्धास्त देईन.

लालबाग, वय ३८
मी भायखळ्याच्या भाजी बाजारात ओझं उचलतो. डाव्या जांघेत हर्निया. पालिकेच्या रुग्णालयात तारीख मिळायला अडीच महिने गेले, पण काम चोख झालं. दुर्बिणीतून जाळी बसवली. तीन बारीक भोकं, आठव्या दिवशी काही दुखेना. मला वाटलं झालो बरा. बाराव्या दिवशी टोमॅटोचे क्रेट उचलले. संध्याकाळी जांघ टम्म. जाळी सुटली म्हणून घाबरून पळालो. सोनोग्राफीत फक्त पाणी साचलेलं निघालं, महिन्याभरात जिरलं. डॉक्टर म्हणाले, जाळीत आपलं मांस रुजायला वेळ लागतो, बाहेरून दिसत नाही. मला सहा आठवडे ओझं बंद सांगितलं होतं, मीच ऐकलं नव्हतं.

आमचा रोज कामावर. घरी बसलो तर चूल कशी पेटणार? टोळीतल्या पोरांनी माझ्या वाटणीचं ओझं वाटून घेतलं आणि हिशेबात माझं नाव ठेवलं. हे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

माटुंगा, हॉस्टेल
अपेंडिक्स. आधी बेंबीभोवती दुखत होतं, दाबेलीला दोष दिला. रात्री दुखणं उजवीकडे खाली सरकलं. सकाळी व्हायवा, म्हणून पेनकिलर खाल्ली. पहाटे एकदम आराम पडला आणि मी खूश होऊन झोपलो. ते फुटलं होतं. दुपारी ताप १०३. दुर्बिणीतूनच काढलं, पण आत धुवावं लागलं, ड्रेन पाच दिवस. मित्रांनो, दुखणं अचानक थांबलं तर जास्त घाबरा.

ठाणे
पैशांचं लिहितो. माझ्या पॉलिसीत हर्निया आणि पित्ताशयाचे खडे यांना पहिली दोन वर्षं संरक्षण नव्हतं, हे ॲडमिट होताना कळलं. पॉलिसीचं ते पान आजच काढून वाचा.

अंधेरी
पित्ताशय काढल्यावर कायम बिनतेलाचं खायचं का? सासूबाई मला वर्षभर पेजेवरच ठेवायच्या विचारात आहेत.

गिरगाव, धागा काढणारी
नाही गं. पित्त यकृतात तयार होतच राहतं, फक्त साठवायची पिशवी गेल्यामुळे ते थेट आतड्यात झिरपतं. मला पहिला महिना तळलेलं खाल्लं की शौचाला पळावं लागायचं. थोडं थोडं वाढवत गेले. यंदा गणपतीत दोन मोदक तूप घालून खाल्ले, काही झालं नाही. तुझ्या डॉक्टरांना मात्र विचार.

परळ
सोमवारी आईचं पित्ताशयाचं आहे. आम्ही चाळीत तिसऱ्या मजल्यावर, संडास गॅलरीच्या टोकाला. तिला खाली कुणाकडे ठेवू का?

गिरगाव, धागा काढणारी
मीही चाळीतलीच, दुसरा मजला. त्याच संध्याकाळी मला उठवून चालवलं होतं आणि घरी आल्यावर जिना चढले, दर सहा पायऱ्यांना थांबून, कठडा धरून. खोकला आला की पोटावर उशी दाबून धरायला सांग. गॅलरीच्या टोकापर्यंत पहिले तीन दिवस कुणीतरी सोबत जा, रात्री तर नक्की. पाण्याची कळशी तिला उचलू देऊ नकोस. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर ते आजच डॉक्टरांच्या कानावर घाल. आणि काढलेलं पित्ताशय तपासणीला पाठवतात, त्याचा रिपोर्ट आठवडा-दहा दिवसांनी येतो. तो आणायला मी दीड महिना विसरले होते. तू विसरू नकोस.